पावसात मिसिंग मारणारी जुनी ८०० : प्लग आणि प्लग-वायरी स्वतः बदलायच्या आहेत (नागपूर)

काटोलनाका | ११ जून, रात्री ९:२०

१९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना भाग), नंबर एमएच-३१. बाबांनी घेतली होती, आता मी चालवते. रोज काटोल नाक्यावरून फेटरीमार्गे कळमेश्वरला शाळेत जाते आणि संध्याकाळी परत. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग केलं, मग दर पाच वर्षांनी, शेवटचं २०२३ मध्ये. गाडी विकायची नाही, एवढा एक सल्ला सोडून बाकी सगळं सांगा.

त्रास असा. शनिवारी वॉशिंग सेंटरला गाडी धुतली, त्यांनी बोनेट उघडून आतही प्रेशरने पाणी मारलं. रविवारी गाडी उभी होती. सोमवारी सकाळी पहिला पाऊस आला आणि फेटरीच्या अलीकडे गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे झटके देत थरथरायला लागली. स्लोमध्ये स्टिअरिंग हातात नाचतं, चौथ्या गिअरमध्ये दम नाही, सायलेन्सरजवळ उभं राहिलं तर कच्च्या पेट्रोलचा वास. दहा-पंधरा मिनिटं इंजिन गरम झालं की बरीच सुधारते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मागच्या जूनमध्येही हेच झालं होतं. तेव्हा मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलला, किट टाकली, आणि गाडी चांगली चालली. पण आता आठवतं की तेव्हा मध्ये चार दिवस पाऊसच नव्हता. आता ते म्हणतात कार्बोरेटर नवीनच टाका. तो खर्च करण्याआधी मला प्लग आणि वायरी बदलून पाहायच्या आहेत. प्लग दोन वर्षांपूर्वी बदलल्याचं बिल आहे. वायरी कधी बदलल्या त्याची घरात कुणालाच आठवण नाही. हात लावून पाहिलं, रबर वाळलेल्या काडीसारखं कडक आहे.

हे काम मी घरी करू शकते का? पाने बाबांचे आहेत. चाक बदलता येतं, ऑइल एकदा बदललं आहे, यापलीकडे अनुभव नाही.

---

तीनसिलिंडर | ११ जून, रात्री ९:५२

ताई, करू शकता. वायरीच आहेत, जवळजवळ खात्रीने सांगतो. कोरड्यात चालते, ओल्यात मरते, गरम झाली की सुधारते, ही कार्बोरेटरची लक्षणं नाहीत. कार्बोरेटरला पावसाशी काय घेणंदेणं?

एक विनंती आहे. "चालू इंजिनची एकेक वायर काढून पाहा, आवाज बदलला नाही तर तो सिलिंडर मेला" असं पुष्कळ जण सांगतील. जुने मिस्त्री तसं करायचे. तुम्ही करू नका. झटका जबरदस्त बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मोकळ्या वायरीमुळे कॉइल किंवा मॉड्यूल जाऊ शकतं.

---

झिंगाबाई_टाकळी | ११ जून, रात्री १०:१५

उंदीर पण पाहा. आमच्याकडे पार्किंगमध्ये गाडी तीन दिवस उभी राहिली की बोनेटखाली घर करतात. माझ्या गाडीत एक वायर दातांनी अर्धी कुरतडलेली निघाली होती, वरून दिसतच नव्हती, खालच्या बाजूने होती.

---

पानापक्कड | १२ जून, सकाळी ६:४०

ताई, तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं. लक्षणं इतकी नीट कोणी सांगत नाही. मी ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये फिटर होतो. तिथे सगळ्या डिझेल गाड्या, त्यात स्पार्क प्लग नसतोच, पण घरची पद्मिनी, पेट्रोलची गाडी, मी २२ वर्षं स्वतःच्या हाताने ठेवली. प्लगचं काम तिच्यावरच शिकलो. सविस्तर लिहितो, घाई करू नका.

आधी हे पावसातच का होतं ते समजून घ्या. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत चढतात. एवढा करंट सगळ्यात सोपी वाट शोधतो. प्लगच्या फटीतून उडी मारायला त्याला जोर लागतो. शेजारी वायरीच्या रबराला बारीक तडा असला आणि त्यात ओल गेली, तर तो तिथूनच इंजिनच्या हेडवर (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) उतरतो. प्लगपर्यंत पोचत नाही. इंजिन तापलं, ओल वाळली, की पुन्हा सरळ वाटेने जातो. म्हणून तुमची गाडी दहा मिनिटांत सुधारते.

चौथ्या गिअरमध्ये जास्त का जाणवतं? पॅडल दाबलं की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं आणि जास्त दाबलं जातं. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. गळकी वायर तेव्हाच हात वर करते.

आता नागपूरची गोष्ट. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ४४-४५ तर दर मे महिन्यात असतात. बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. ते रबर महिनाभर भाजून निघतं. मी सांगून राहिलो न, वायर मरते मे महिन्यात आणि कळते जूनमध्ये. पहिल्या पावसात गॅरेजला रांग लागते आणि निम्म्या गाड्यांचे कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात. कार्बोरेटर खोलेपर्यंत दिवसभर बोनेट उघडं राहतं, वायरी वाळतात, गाडी सुधारते, आणि सगळ्यांना वाटतं कार्बोरेटरच होता. मागच्या वर्षी तुमचं हेच झालं असावं. मिस्त्रीने फसवलं असं मी म्हणत नाही, त्यालाही तसंच वाटलं असेल.

खात्री करायची असेल तर आज रात्री अंगणातला दिवा बंद करा, बोनेट उघडा, गाडी स्लोवर ठेवा आणि कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींवर हलके तुषार मारा. गळत असेल तर निळसर ठिणग्या वायरीवर रांगताना दिसतील, चट-चट आवाज येईल. हात लांब ठेवा. ओढणी, पदर, मोकळे केस आवरून घ्या. रेडिएटरचा पंखा विजेचा आहे, न सांगता सुरू होतो.

कामाचं उद्या लिहितो. तोवर प्लग आणि वायरींचा पूर्ण सेट आणून ठेवा. वायरी चार असतात, तीन प्लगच्या आणि एक कॉइलपासून डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा डबा) मधल्या भोकात जाणारी. चारही बदला.

---

सदरची_झेन | १२ जून, सकाळी ११:०५

सामान घाट रोडला मिळेल, तिथे स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. प्लग घेताना जुना सोबत न्या. आणि घ्यायचेच तर इरिडियम घ्या, पुन्हा पाहावं लागत नाही.

---

काटोलनाका | १२ जून, रात्री ९:३५

काका, आत्ताच पाहिलं. आई फवारा धरून होती, मी रेस बघत होते. टायमिंग बेल्टपासून तिसऱ्या प्लगच्या वायरीवर, जिथे ती लोखंडी पत्र्याला टेकते, तिथे निळा धागा चमकतो. आईनेच आधी दाखवला. गाडी लगेच थरथरायला लागली. डेल्कोकडेही एक-दोनदा चमकल्यासारखं वाटलं, पण नक्की नाही.

इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं.

---

पानापक्कड | १२ जून, रात्री १०:१०

मग झालं. कार्बोरेटरला हात लावू नका.

इरिडियमबद्दल सदरच्या भाऊंना सांगतो. वस्तू चांगली आहे, मी वाईट म्हणत नाही. इरिडियमची सुई बारीक असते, झिजत नाही, साध्या प्लगच्या तीन-चार पट टिकते. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण कधी घट्ट, कधी पातळ. प्लग काजळीने काळा होतो आणि मग महागडा प्लगही स्वस्तासारखाच मिसिंग मारतो. साधा निकेलचा, आत तांब्याचा गाभा असलेला प्लग टाका. पंधरा-वीस हजार किलोमीटरला बदला. दर सहा महिन्यांनी काढून पाहिला की इंजिनची तब्येत कळते, हा फायदा वेगळा.

---

तीनसिलिंडर | १२ जून, रात्री १०:४८

प्लगवरच्या अक्षरांबद्दल थोडं, कारण दुकानात "हाच चालतो" म्हणून काहीही देतात.

एनजीकेच्या नंबरात पहिला बी म्हणजे आटे १४ मिलिमीटरचे. पी म्हणजे टोक बाहेर आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर, हा असू द्या, नाहीतर रेडिओत खरखर येते. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. लांबीत चूक अजिबात चालत नाही. आखूड प्लग टाकला तर उरलेल्या आट्यांत काजळी जमते, लांब टाकला तर पिस्टनला लागू शकतो.

मधला आकडा उष्णतेचा. इथे गंमत अशी आहे की एनजीकेत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एकाचा आकडा पाहून दुसऱ्याचा घेऊ नका, गाडीच्या पुस्तकातला किंवा कंपनीच्या तक्त्यातलाच घ्या. जुने लोक अजून "मायकोचा प्लग" म्हणतात तो बॉशचाच, २००८ मध्ये कंपनीचं नाव बदललं.

नकली माल ओळखायला चिनी मातीवरची छपाई नखाने घासून पाहा आणि आट्यांवरून बोट फिरवा. खऱ्या प्लगचे आटे गुळगुळीत असतात आणि वॉशर सैल फिरतं पण निघून पडत नाही.

---

पानापक्कड | १३ जून, सकाळी ६:१५

ताई, आता काम.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. हेड अॅल्युमिनियमचं आहे. गरम अॅल्युमिनियममधून प्लग काढला तर आटे सोबत घेऊन येतो. ही चूक मी स्वतः केली. १९८९ साली उन्हाळ्यात रामटेकहून परत येताना पद्मिनी बंद पडली म्हणून रस्त्यातच गरम इंजिनचा प्लग फिरवला. आटे चांदीसारखे चमकत प्लगला गुंडाळून आले. हेड उतरवून, भोकात नवीन आट्यांची तारेची गुंडाळी बसवून घ्यावी लागली. चार दिवस आणि महिन्याचा अर्धा पगार गेला. म्हणून थंड.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा.

एका वेळी एकच वायर काढा, तिच्याच लांबीची नवीन तिथेच लावा, मग पुढची. हा नियम मोडू नका. तुमच्या इंजिनचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ आहे. वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी एकतर सुरूच होणार नाही किंवा कार्बोरेटरमधून भडका मारेल. तरी सुरुवात करण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढा.

वायर ओढताना रबरी टोपी धरायची, वायर कधीच नाही. टोपी चिकटलेली असते. आधी डावीकडे-उजवीकडे अर्धा-अर्धा वेढा फिरवा, "पट्" असा बारीक आवाज येऊन सुटली की सरळ ओढा.

टोपी निघाली की प्लग लगेच खोलू नका. त्याच्या भोवती धूळ, माती, वाळू बसलेली असते. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. सायकलच्या पंपाने हवा मारा, जुन्या टूथब्रशने घासा, पुन्हा हवा मारा. शाळेला रोज ज्या रस्त्याने जाता त्याची सगळी धूळ तिथे सापडेल.

प्लगपाना आत रबर असलेला घ्या. पाना सरळ बसला आहे याची खात्री झाल्यावरच जोर लावा, तिरका जोर लागला की चिनी माती तडकते आणि तो तडा डोळ्याला दिसत नाही. पहिला झटका "कट्" करून सुटेल, मग बोटांनी निघेल. कुठेही जड वाटलं तर थांबा. थोडं पेनेट्रेटिंग ऑइल सोडा, पाव वेढा उलटा, पाव वेढा सुलटा, असं धीराने काढा.

काढलेले प्लग वर्तमानपत्रावर १, २, ३ लिहून ओळीने ठेवा. फेकू नका, फोटो टाका. ते वाचायचे आहेत.

नवीन प्लगचा गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, तपासा. डब्यातून आला म्हणजे बरोबर आहे असं नाही. तुमच्या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) पट्टी किंचित घासून गेली पाहिजे. कमीजास्त करायचं तर फक्त बाहेरचं वाकडं टोक हलवा, मधल्या टोकाला पक्कड लावू नका.

बसवताना जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर चढवा आणि त्या पाइपनेच प्लग आट्यांत फिरवा. प्लग तिरका लागला तर पाइप आपोआप घसरतो, आटे वाचतात. हाताने फिरवत फिरवत वॉशर टेकेपर्यंत न्या. त्यानंतर पाना. नवीन वॉशर असेल तर अर्धा वेढा, फार तर त्याहून किंचित जास्त. घड्याळ डोळ्यासमोर आणा, बारापासून सहा-सातपर्यंत. जुनाच प्लग परत लावत असाल तर बारापासून एकपर्यंत, बस. वॉशर आधीच दबलेलं असतं.

---

झिंगाबाई_टाकळी | १३ जून, सकाळी ९:३०

काका, आट्यांना ग्रीस लावायचं न? आमचे मिस्त्री लावतात, पुढच्या वेळी सोपा निघतो म्हणून.

---

पानापक्कड | १३ जून, सकाळी १०:०२

नको. हल्लीच्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो. ग्रीस लावलं की आटे घसरतात, हाताला वाटतं अजून सैल आहे, आपण अजून आवळतो, आणि अॅल्युमिनियमचे आटे ताणले जातात. ग्रीस लावायचंच तर सिलिकॉनचं, रबरी टोपीच्या आतल्या कडेला, नखाएवढं. त्याने टोपी चिकटत नाही आणि पाणीही आत जात नाही. वॉशिंग सेंटरचं पाणी सहन करायला हेच कामी येतं.

---

काटोलनाका | १५ जून, दुपारी १:२५

झालं! आज रविवार, सकाळी सहाला सुरू केलं, नऊला संपलं. सगळं लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

एक नंबरची टोपी फिरवताना निघेचना. काकांनी लिहिलंय म्हणून वायर ओढली नाही. पाच मिनिटं फिरवत बसले. शेवटी तो "पट्" आवाज आला तेव्हा मी आईला हाक मारून सांगितलं.

खाचेत खरंच वाळू होती. बारीक, तांबूस, आणि एक वाळलेलं लिंबाचं पान. ते सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं. सायकलचा पंप शेजारच्या मुलाचा आणला.

दोन नंबरचा प्लग जड होता. पाव वेढा सुटला आणि अडकला. थांबले, तेल सोडलं, चहा घेतला, वीस मिनिटांनी उलट-सुलट करत काढला. आटे शाबूत आहेत, टॉर्च लावून पाहिले.

वर्तमानपत्रावर तिन्ही ठेवले. एक नंबर बदामी, कोरडा. तीन नंबर काळा, पण भुकटीसारखा, बोटाला काजळ लागतं, पेट्रोलचा वास येतो. दोन नंबर काळा आणि तेलकट, चकाकतो. गॅप मोजला तर तिन्हीत एक मिलिमीटरच्या वर.

वायरी मल्टीमीटरवर लावल्या. एक आणि दोन नंबर काही किलो-ओहम दाखवतात. तीन नंबर काहीच दाखवत नाही, मध्ये वाकवली की एकदम आकडा येतो आणि जातो. त्याच जागी सालीसारखा तडा आहे, नख आत जातं. रात्री निळा धागा तिथेच दिसला होता.

काका म्हणाले नव्हते तरी डेल्कोचं टोपण उघडलं. आतल्या पितळी टोकांवर हिरवट-पांढरा थर होता. तो खरवडायचा का?

नवीन वायरींतली सगळ्यात लांब कुठली ते ओळखायला जुन्या शेजारी ठेवून पाहिल्या. एकेक करून बदलल्या. बॅटरी जोडली, चोक ओढला, अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. स्लोमध्ये स्टिअरिंग शांत. आई फवारा घेऊन आली, सगळीकडे पाणी मारलं, काही फरक नाही. बाबा असते तर त्यांनी बोनेट लगेच लावू दिलं नसतं, असंच ऐकत उभे राहिले असते. मीही दहा मिनिटं तेच केलं.

---

तीनसिलिंडर | १५ जून, दुपारी २:१०

वा ताई! मन भरून आलं वाचून.

तीन नंबर सरळ आहे. ठिणगी पडत नव्हती, पेट्रोल जळत नव्हतं, म्हणून काजळी आणि वास. तो प्लग खराब नव्हताच, वायरीने त्याला मारलं. जळलं नाही ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्येही उतरतं. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलून टाका.

एक पाहून घ्या, नवीन वायरी त्यांच्या क्लिपांमध्येच बसवल्या न? मोकळ्या सोडल्या तर एक्झॉस्टला टेकून जळतात. आणि लांबवर एकमेकींना चिकटून चालल्या तर एकीचा करंट शेजारणीत उतरतो, चुकीच्या वेळी ठिणगी पडते.

---

पानापक्कड | १५ जून, संध्याकाळी ५:४५

शाबास. वीस मिनिटं थांबलात तिथे हेड वाचलं.

टोपणातला थर टेस्टरच्या टोकाने खरवडू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांतून करंट फिरतो. बारीक पॉलिश पेपरने हलकं पुसा, कोरड्या फडक्याने स्वच्छ करा. आत मधोमध कोळशाचा छोटा ठिपका असतो, स्प्रिंगवर. तो दाबून पाहा, वर येतो का. टोपणाच्या आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर टोपणच बदला. ती रेघ म्हणजे करंटने पाडलेली पायवाट, पुसून जात नाही. रोटरचं (टोपणाखाली फिरणारा तुकडा) टोक जळलेलं असेल तर सोबत तोही. तुमच्या डेल्कोत सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी जुनी टिकली) असेल तर त्याचा गॅपही पाहावा लागेल. इलेक्ट्रॉनिक असेल तर तो प्रश्न नाही.

आता दोन नंबर. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल आत येऊन राहिलं आहे. हा त्रास वायरीचा नाही. वाट दोनच, व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळा धूर एकदा भस्सकन येऊन थांबतो का? तर सील. रात्रभर तेल वरून ठिबकत राहतं. चढावर पॅडल दाबल्यावर निळा धूर येत राहतो का? तर रिंगा.

गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज असतं, तपासून घ्या. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. दोन नंबर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. घाबरायचं कारण नाही, ऑइल किती कमी होतं तेवढं दर रविवारी कांडीवर पाहा.

---

सदरची_झेन | १५ जून, रात्री ८:२०

ताई, मीही बोनेट उघडून बसलो आज. माझ्या वायरी सहा वर्षांच्या आहेत. एकच खराब दिसते, एकच बदलू का?

---

पानापक्कड | १५ जून, रात्री ८:४१

सेट बदला भाऊ. सगळ्याच वायरींनी सहा मे महिने सोबतच पाहिले आहेत. आणि तुमची झेन चार सिलिंडरची आहे, फायरिंग क्रम १-३-४-२. ताईंच्या धाग्यातला १-३-२ पाहून लावू नका.

---

काटोलनाका | ९ जुलै, रात्री ९:०५

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. गेल्या आठवड्यात कळमेश्वरहून परत येताना इतका पाऊस होता की वायपर पुरत नव्हते, फेटरीच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं. गाडीने एकदाही झटका दिला नाही. घरी आल्यावर बोनेट उघडून वायरींना हात लावून पाहिला, रबर मऊ आहे, ओलं आहे.

डेल्कोच्या टोपणात ती पेन्सिलीची रेघ होती. टोपण आणि रोटर दोन्ही बदलले. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, तेही बदललं.

मिस्त्रींना जुनी तीन नंबरची वायर नेऊन दाखवली. त्यांनी ती वाकवून पाहिली, तड्यात नख घालून पाहिलं आणि म्हणाले, ही इथेच राहू द्या. आता त्यांच्या फळीवर खिळ्याला टांगली आहे. कॉम्प्रेशन त्यांनीच मोजलं. दोन नंबर बाकी दोघांपेक्षा थोडा कमी आला, चमचाभर ऑइल सोडूनही तेवढाच राहिला. निळा धूर फक्त सकाळी, पहिल्या स्टार्टला. सील आणि व्हॉल्व्हचं काम दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं. हेड उतरेल तेव्हा मी तिथे बसून पाहणार आहे, त्यांनी हो म्हटलं.

आज प्लग पुन्हा काढून पाहिले. एक आणि तीन बदामी. दोन नंबरच्या कडेला पुन्हा तेलाची बारीक कड आली आहे, पण टोक अजून स्वच्छ आहे. पुसला, गॅप पाहिला, बारापासून एकपर्यंत आवळला.